बोटीचं वजन हा दुसरा प्रश्न

समजा, खासगी धक्क्यासाठी बोट-लिफ्ट निवडायची आहे. लिफ्ट म्हणजे बोट पाण्याबाहेर उचलून ठेवणारा पाळणा. आपण लगेच विचारतो, बोटीचं वजन किती? इंजिन, इंधन, सामान धरायचंच. बोटीत 300 लिटर पावसाचं पाणी साचलं तर आणखी 300 किलो. पण पहिला प्रश्न वेगळाच आहे: वर्षभरात पाणी किती चढतं-उतरतं?

आपल्या नंदुरबारचंच बघा. मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांपुढे सरदार सरोवराचं पाणी आहे. पूर्ण जलपातळी 138.68 मीटर, किमान पातळी 110.64. फरक 28 मीटर, म्हणजे जवळपास नऊ मजले! खांबांवरची लिफ्ट एकतर बुडेल, नाहीतर कोरड्या उतारावर लटकेल. इथे धक्काही तरंगता हवा आणि लिफ्टही: टाक्यांत पाणी शिरलं की ती खाली जाते, हवा भरली की बोटीसकट वर येते.

ज्या गावात पेशंट बोटीनेच न्यावा लागतो, तिथे ही चूक महागात पडते. संशोधनातही तसंच. मोजायला बसण्याआधी विचारा, यात बदलतंय काय?