दोन चाकांचा समजूतदारपणा

ज्वारीच्या खळ्यावर मळणी चालते तेव्हा तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी फिरल्यासारखा चालतो, तर कडेच्या बैलाला जवळजवळ धावावे लागते. दावे एकच, फेरा एकच, पण चाल मात्र वेगळी. मोटारीच्या मागच्या चाकांचेही असेच असते. दोन चाकांत सव्वा मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे दोन मीटर जास्त धावते. दोन्ही चाके एकाच कण्याला घट्ट जखडली तर एक चाक रस्त्यावर घासत जाईल. हा तंटा मिटवणाऱ्या दातेरी चाकांच्या जुळणीला डिफरन्शियल म्हणतात. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२८ मध्ये वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले.

सोलापूरकरांना या विषयाचे अप्रूप असायला हवे. कुर्ल्याच्या ज्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने घरोघरी फियाट पोहोचवली, ती १९४४ मध्ये उभी करणारे वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरातच जन्मले. फियाटची पुढची आवृत्ती म्हणजे प्रीमियर पद्मिनी. हिचा जोर मागच्या चाकांवर असे. त्यामुळे मागचा अॅक्सल खोलणे हे गल्लीतल्या मिस्त्रीचे नेहमीचे काम होते. १९८३ मध्ये पुढच्या चाकांवर चालणारी मारुती ८०० आली. छोट्या गाड्यांचे डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटात गेले आणि मिस्त्रींच्या हाताची ती सवय हळूहळू सुटली.

हौसेने जपलेल्या एमजी टीडीसारख्या जुन्या स्पोर्ट्‌स कारला मात्र तोच हात लागतो. तिच्या पिनियनला ८ आणि क्राऊन व्हीलला ४१ दाते. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मागे जाणारा दांडा पाच फेऱ्यांहून थोडा जास्त फिरतो. वेग धरताना घूंऽ असा आवाज येऊ लागला किंवा क्लच सोडताच मागे ‘टक्’ झाले, की तेथे काहीतरी झिजले आहे असे समजावे.

मग तेल काढायचे, दोन्ही बाजूंचे शाफ्ट ओढायचे आणि आतला संच बाहेर घ्यायचा. बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी अशी खूण आधीच करावी लागते, कारण त्यांची अदलाबदल चालत नाही. क्राऊन आणि पिनियन हे कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले जोडपे. एक बदलायचे तर दुसरेही बदलावेच लागते. पिनियन किती आत बसवायचा, ते कागदासारख्या पातळ पत्र्यांच्या चकत्या घालून ठरवतात. दातांमधली मोकळीक इंचाच्या काही हजारांश भागांत मोजतात. शेवटी दातांना निळा रंग लावून चाक फिरवायचे. ठसा दाताच्या मध्यावर उमटला तर बैठक जमली. टोकाला किंवा मुळाशी सरकला, तर सारे पुन्हा खोलायचे आणि चकती बदलायची. येथे घाई केली तर काही महिन्यांतच पुन्हा घरघर सुरू होते.

ट्रक-टेम्पोची कामे करणाऱ्यांकडे हे कसब आजही आहे. पण ट्रकचा अंदाज छोट्या गाडीला लागू पडत नाही. शिवाय टीडीचे डिफरन्शियल हायपॉइड जातीचे. त्यात दाते एकमेकांवर खूप सरकतात, म्हणून तेलही त्याच जातीचे लागते.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. कायद्याने गाडीला असे जपले, पण तिच्या मिस्त्रीला जपणारा नियम कोणता? मुंबईच्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिच्यावर हात बसलेली पिढीही आता थकत चालली आहे. सुटे भाग परदेशातून मागवता येतात. निळा ठसा पाहून ‘अजून एक चकती काढ’ असे सांगणारी नजर मात्र पार्सलने येत नाही. ती शेजारी बसूनच शिकावी लागते. ज्यांच्या गल्लीत असा एखादा मिस्त्री अजून आहे, त्यांनी घरातल्या उत्साही पोराला सुटीत त्याच्याकडे जरूर पाठवावे. कपडे काळे होतील, ते धुता येतात.