उलटी वाहणारी वाशिष्ठी

चिपळूणजवळ गोवळकोटच्या धक्क्यावर तासभर बसलात, तर नदी उलटी वाहताना दिसू शकेल. समुद्र इथून चाळीसेक किलोमीटर लांब, दाभोळला. पण भरतीचं पाणी खाडीतून थेट इथवर चढतं. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पुनव-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे लहान भरती, हे गणित खाडीकाठच्या माणसाला घड्याळाशिवाय येतं.

खारं पाणी जड, त्यामुळे ते तळाशी सरकतं आणि गोडं वर तरंगतं. वाशिष्ठीची आणखी एक गंमत आहे. कोयनेचं पाणी वीज तयार करून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरतं ते हिच्यातच, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही गोड्या पाण्याची आवक चालू असते.

ओहोटीला चिखल उघडा पडला, की निवटे बाहेर येतात. मासा असूनही हे प्राणी ओल्या कातडीतून श्वास घेत, परांवर टेकत चालतात. शेजारी तिवराची मुळं खिळ्यांसारखी वर आलेली असतात; चिखलात प्राणवायू नसतो, तो ती हवेतून घेतात. जास्तीचं मीठ तिवर पानांतून बाहेर टाकतो. पान चाटून बघा, खारट लागेल.

चाटायला उतरण्याआधी मात्र काठ न्याहाळा. उन्हात पडलेला तो ओंडका बहुधा ओंडका नसतो. वाशिष्ठीत मगरी आहेत.