कवळी, ब्रिज की इम्प्लांट?

पडलेल्या दाताची जागा मोकळी सोडली, तर बाकीचे दात जागचे हलतात. शेजारचे दात त्या फटीकडे कलतात, समोरच्या जबड्यातला दात फटीत उतरू लागतो आणि दाताखालचे हाड झिजते. ही झीज पहिल्या वर्षात सर्वांत जास्त होते. अक्कलदाढ गेली असेल तर मात्र बहुधा काहीच बसवावे लागत नाही.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे काढता-घालता येणारी कवळी. वरची टाळूला चिकटून बसते. खालच्या पूर्ण कवळीला तसा आधार नसल्याने ती जेवताना हलते, आणि बहुतेकांची तक्रार तिच्याबद्दलच असते. ब्रिज पक्का बसतो, पण त्यासाठी दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून बारीक करावे लागतात. इम्प्लांटमध्ये टायटॅनियमचा स्क्रू जबड्यात बसवतात. त्याच्याशी हाड घट्ट जुळते, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर इम्प्लांट केले. हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. खर्च मोठा असतो. पण शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही. खालची कवळी फारच हलत असेल तर दोन इम्प्लांटवर ती अडकवता येते.

निवड केवळ खिशावर ठरत नाही, तोंडाच्या अवस्थेवरही ठरते. गोंदिया तालुक्यातल्या कामठ्यासारख्या विदर्भातील गावांत खर्रा सर्रास खाल्ला जातो. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा सुटलेला नाही. वर्षानुवर्षांच्या सुपारीने गालाची आतली त्वचा कडक होते, तोंड पुरेसे उघडत नाही. मग माप घेण्याचा ट्रे आत जात नाही आणि तयार कवळीही बसवता येत नाही. हा आजार कर्करोगाची पूर्वअवस्था मानला जातो, म्हणून दात बसवण्याआधी त्याची तपासणी व्हायला हवी. तंबाखू ओढणाऱ्यांत आणि साखर आटोक्यात नसलेल्या मधुमेहींत इम्प्लांट फसण्याचा धोकाही वाढतो.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात कमी शुल्कात कवळी करून मिळते. मात्र माप, चाचणी आणि दुरुस्तीसाठी चार-पाच फेऱ्या होतात, हे गोंदियाहून निघणाऱ्याने हिशेबात धरावे.

कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी. गरम पाण्यात टाकल्यास ती वाकडी होते. हाड झिजत राहिल्याने काही वर्षांनी ती सैल पडते आणि पुन्हा बसवून घ्यावी लागते.