आधी धडा, मग डाळ

रिकाम्या बरण्या घेऊन जायचं आणि हवं तेवढं धान्य भरून आणायचं, असं एक दुकान 2014 साली बर्लिनमध्ये उघडलं. नाव ‘ओरिजिनल उनफेरपाक्ट’. पैसा लोकवर्गणीतून उभा राहिला आणि कौतुक जगभर झालं. नागपूरच्या इतवारीतल्या एका किराणा दुकानदाराला मी हे उत्साहानं सांगितलं. हातातला तांदूळ पोत्यात परत टाकत तो म्हणाला, “मंग आमी काय करून राह्यलो इथं, भाऊ?”

त्याचं खरंच आहे. तिथल्या किराणा ओळीत, मस्कासाथेत आजही तोंड उघडलेली पोती ओळीनं उभी असतात. प्लास्टिकची पिशवी शिरली ती गिऱ्हाईक आणि पोतं यांच्यामधल्या हातभर अंतरात. ते अंतर आपल्या डब्यानं भरायचं ठरवलं की सगळा प्रश्न काट्यावर येऊन बसतो. मला तर हा काटाच वर्षानुवर्षं भुरळ घालत आलाय.

पूर्वी तेलाची बरणी नेली की दुकानदार आधी धडा बांधायचा. एका पारड्यात रिकामी बरणी, दुसऱ्यात गंजकं कुलूप, बोल्ट, खडे, जे हाताशी असेल ते. दांडी सरळ झाली की मगच वजनं पडायची. पासंगाची लबाडी ओळखणारी म्हातारी माणसं दांडीवरून नजर हटवत नसत. माझी एक मावशी तर भांड्यांवर नावाबरोबर त्यांचं रिकामं वजनही कोरून घ्यायची. दुकानदारानं धडा बांधला तरी ती आकडा मोठ्यानं वाचून दाखवायची.

आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर डबा ठेवून एक बटण दाबलं की आकडा शून्यावर येतो. सोपं वाटतं, पण त्यातही खाचाखोचा आहेत. झाकणासकट धडा घेतला तर झाकणासकटच तोलायला हवं. बरणी ओली असली तर पाण्याचे थेंब धड्यात जमा होतात आणि आतली डाळ पुढे बुरसते ती वेगळीच. पाच किलोच्या काट्यावर सव्वा किलोची काचेची बरणी चढवली, तर मालासाठी पावणेचार किलोच उरतात. आणि पाच-पाच ग्रॅमनं सरकणाऱ्या काट्यावर वेलदोडे कधीच डब्यात तोलून घेऊ नयेत. तुरीत पाच ग्रॅम इकडेतिकडे झाले तर कोणाला कळत नाही, वेलदोड्यात खिशाला कळतं. ते लहान काट्यावर कागदात तोलावेत आणि मग डब्यात ओतावेत. वैधमापन खात्याकडून इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी आणि लोखंडी वजनं दोन वर्षांनी तपासून घ्यावी लागतात. तो शिक्का बघायला लाजू नये.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर 23 मार्च 2018 ला बंदी आली आणि केंद्राची एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवरची बंदी 1 जुलै 2022 पासून लागू झाली. त्याच महिन्याच्या 18 तारखेपासून लेबल लावलेल्या, 25 किलोपर्यंतच्या पाकिटबंद डाळ-तांदळावर 5 टक्के जीएसटी बसला. सुट्यावर शून्य. म्हणजे डबा नेणाऱ्याला सरकारनं न मागता सवलतच दिली.

पण सगळंच सुटं विकता येत नाही. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल मिसळलं गेलं, माणसं दगावली, आणि त्यानंतर खाद्यतेल पाकिटबंद विकण्याचा नियम आला. मसाल्यांची पूडही बंदच विकावी लागते. मला यात अडचण वाटत नाही. भिवापूरची मिरची अख्खी घ्यावी, वायगावच्या हळदीची हळकुंडं घ्यावीत आणि दळून आणावीत.

सुट्या मालात भेसळीचं भय असतंच. विदर्भाला ते लाखोळीमुळे चांगलं ठाऊक आहे. ही डाळ तुरीत आणि बेसनात मिसळायची म्हणून बदनाम. लकव्याच्या भीतीनं 1961 पासून तिच्या विक्रीवर बंदी होती. नागपूरच्या शांतीलाल कोठारींनी तिच्यासाठी उपोषणं केली आणि 2008 मध्ये महाराष्ट्रानं बंदी उठवली. मी स्वतः लाखोळीच्या बाजूचा आहे, पण तुरीच्या भावात ती मला नको.

भिंतीवर टांगलेल्या, खालून नळीनं धान्य सोडणाऱ्या पारदर्शक कोठ्या सध्या फार दिसतात. त्यांचा एक गुण मानतो: वरून भरलेला माल खालून निघतो, त्यामुळे जुना आधी जातो. पोत्यात तळाचं तळालाच राहतं आणि पावसाळ्यात सोंडे तिथूनच वर येतात. पण बेसन त्या नळीत अडकून बसतं, पोहे चुरतात आणि गुळाचं तर नावच काढू नका. तिथे आपलं जुनं मापच बरं.

धरमपेठेतलं महागडं भाडं भरून अशा कोठ्यांचं दुकान चालवणं कठीणच. किराण्याचा नफा मुळात बारीक. त्यात गिऱ्हाईक अर्धा किलो मुगासाठी अर्धं शहर ओलांडून स्कूटरवर आलं, तर वाचलेल्या पिशवीपेक्षा जळलेलं पेट्रोल जास्त. शिवाय दुकानात माल येतो तो प्लास्टिकच्याच विणलेल्या पोत्यातून. निदान ते पोतं बारदानावाल्याकडे जाऊन पुन्हा वापरात येतं.

मला विचाराल तर हे दुकान गल्लीतल्या चक्कीवाल्यानं काढावं. गिऱ्हाईक डबा घेऊन त्याच्याकडे तसंही येतं, काटा आहेच, गव्हाची पोतीही असतात. शेजारी तूर, चणा, मूग आणि चिन्नोर तांदूळ अशा चार कोठ्या ठेवायच्या आणि प्रत्येकीवर माल भरल्याची तारीख खडूनं लिहायची. चक्कीतलं पीठ उडून डाळीवर बसू नये म्हणून झाकणं मात्र घट्ट हवीत.