तारापूर कुठलं, माहीम कुठलं?

बोईसर स्टेशनाबाहेर रिक्षात बसून ‘तारापूर’ म्हटलं, की रिक्षावाला आधी विचारतो: एमआयडीसी, टॅप्स (म्हणजे अणुवीज केंद्र) की गाव? ही तीन ठिकाणं वेगवेगळी आहेत. नकाशावर आणि बातम्यांत मात्र ती एका नावाखाली गोळा होतात आणि तिथूनच गैरसमज सुरू होतात.

सर्वांत घट्ट रुजलेला समज असा, की अणुवीज केंद्र तारापूर गावात आहे. तारापूर हे खाडीच्या दक्षिण काठावरचं जुनं बंदर. पलीकडच्या काठावर चिंचणी, आणि तिथून डहाणू तालुका सुरू होतो. अणुवीज केंद्र तारापूरच्याही दक्षिणेला, घिवली, अक्करपट्टी आणि पोफरण या गावांच्या किनाऱ्यावर आहे. १९६९च्या ऑक्टोबरमध्ये इथले पहिले दोन संच सुरू झाले. देशातली व्यापारी अणुवीज इथूनच सुरू झाली आणि शाळेच्या पुस्तकांत ‘तारापूर’ हे नाव छापलं गेलं. पुढे ५४० मेगावॅटचे दोन संच २००५ आणि २००६ साली आले. त्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांना गाव सोडून पुनर्वसनाच्या जागी जावं लागलं. ज्यांची घरं, शेतं आणि होड्या लावायचा किनारा गेला, त्यांच्या गावांची नावं प्रकल्पाच्या नावात कुठेच नाहीत. या सगळ्या घोळात मला सर्वांत जास्त खुपते ती ही गोष्ट.

एमआयडीसीचंही तसंच. नाव तारापूर औद्योगिक क्षेत्र, पण कारखाने आहेत बोईसरला लागून, सालवड, कुंभवली, कोलवडे, पास्थळ या गावांच्या परिसरात. जानेवारी २०२०मध्ये कोलवड्यातल्या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन माणसं दगावली, तेव्हा ‘तारापुरात स्फोट’ ही बातमी ऐकून अणुभट्टीचं काही झालं नाही ना, अशी शंका दूरच्या माणसाला येणं साहजिक होतं. अणुवीज केंद्राचा त्या स्फोटाशी काही संबंध नव्हता. ते तिथून काही किलोमीटरवर, समुद्राकाठी आहे. अशा वेळी बातमीत ‘कोलवडे’ हा एक शब्द आला, तर शेकडो घरांचा जीव भांड्यात पडतो.

तारापूर नावाचं रेल्वे स्टेशन या पट्ट्यात नाही. पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव अशी ओळ आहे. तारापूर स्टेशन सापडतं ते गुजरातेत, आणंद–खंभात मार्गावर. मालवाहू ट्रकवाले ‘तारापूर चोकडी’ म्हणतात ती तिथलीच, वासद–बगोदरा रस्त्यावरची. बिहारमधल्या मुंगेर जिल्ह्यात आणखी एक तारापूर आहे. १५ फेब्रुवारी १९३२ रोजी तिथल्या पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि ३४ जण मारले गेले. आसामात सिलचरचं रेल्वे स्टेशन ज्या भागात आहे, तोही तारापूर. १९ मे १९६१ला बंगाली भाषेसाठी सत्याग्रह करणारे ११ जण तिथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. ‘तारापूरचे हुतात्मे’ एवढंच वाचून कुणी आपल्या तारापूरचा इतिहास सांगू लागलं, तर त्याला तारीख विचारावी.

आपल्या तारापूरला स्वतःचा रणसंग्राम आहेच. जानेवारी १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांचा तारापूरचा किल्ला घेतला. त्या हल्ल्यात बाजीराव पेशव्यांचे जिवलग बाजी भिवराव रेठरेकर पडले.

त्याच मोहिमेत मराठ्यांनी माहीमही जिंकलं, आणि इथे दुसरा मोठा घोळ होतो. ‘१७३९ साली मराठ्यांनी माहीम घेतलं’ हे वाक्य वाचून पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मुंबईचं माहीम येतं. ते शक्यच नाही. मुंबईचं माहीम तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं आणि मोहीम पोर्तुगीजांविरुद्ध होती. जिंकलं ते पालघरजवळचं माहीम, केळव्याच्या शेजारचं. केळवे आणि माहीम ही दोन स्वतंत्र गावं आहेत, पण मुंबईपासून वेगळं ओळखू यावं म्हणून ‘केळवे-माहीम’ ही जोडी रूढ झाली.

गोंधळ व्हायला कारणंही भक्कम आहेत. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे किल्ला, दोन्हीकडे कोळीवस्ती. शितलादेवीचं देऊळ मुंबईच्या माहीमला आहे आणि इकडे केळव्यालाही. वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीची बखर’मधल्या बिंबराजाची राजधानी कोणत्या माहीमला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मुंबईवरच्या लेखनात मात्र ती बिनदिक्कत मुंबईच्या पदरात टाकली जाते, आणि केळवे-माहीमचा दावा तळटीपेतही येत नाही. मोठ्या शहराने लहान गावाचा इतिहास असा न विचारता उचलणं मला अन्यायाचं वाटतं. उलट बाजूनेही चूक होते, तीही सांगायला हवी. पातळ चौकोनी वड्यांचा, कागदाच्या थरांत मिळणारा माहीम हलवा मुंबईचा. केळवे-माहीमचं नाव आहे ते विड्याच्या पानांसाठी.

घरात जुनी कागदपत्रं असलेल्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. आजच्या पालघर तालुक्याला पूर्वी ‘माहीम तालुका’ म्हणत. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये तो याच नावाने आहे. रेल्वे पालघरवरून गेली, कारभार हळूहळू तिकडे सरकला आणि तालुक्याचं नावही बदललं. पालघर जिल्हा तर १ ऑगस्ट २०१४ला झाला. त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या खरेदीखतावर किंवा शाळेच्या दाखल्यावर ‘तालुके माहीम, जिल्हे ठाणे’ असं असेल, तर शोध मुंबईत घेऊ नये. त्याच कागदावर केळवे, शिरगाव, सातपाटी, तारापूर, मनोर यांपैकी एखादं नाव दिसलं, की तो कागद पालघरचा. आणि नवापूर दिसलं तर तेही आधी बोईसरजवळच्या किनाऱ्यावर शोधावं, नंदुरबारमधलं नवापूर त्यानंतर.