पोरांचे डोळे आणि मेडिकलची बाटली

उन्हाळा लागला की गावात काही पोरं सारखी डोळे चोळताना दिसतात. डोळे लाल होतात, उजेड सोसत नाही, चिकट तार सुटते. आपण म्हणतो, डोळे आले. पण डोळे आले तर आठ-पंधरा दिवसांत बरे होतात. हे दुखणे दर उन्हाळ्यात परत येते. ही ॲलर्जी आहे. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा पोराची शाळा बुडवू नये. मुलींपेक्षा मुलांत ती जास्त दिसते आणि वयात आल्यावर बहुतेकांची आपोआप कमी होते. तोवर नजर सांभाळणे महत्त्वाचे.

डोळ्यांचे डॉक्टर वरची पापणी उलटून आत उंचवटे आहेत का ते बघतात, बुबुळ तपासतात. मग उपचार पायरीपायरीने चालतो. गार पाण्याची पट्टी, टोपी, गॉगल आणि मळणीच्या धुळीपासून लांब राहणे ही पहिली पायरी. सोबत ओलोपॅटॅडिनसारखे ॲलर्जी रोखणारे थेंब. हे नेमाने घालायचे असतात. दरवर्षी त्रास होणाऱ्याला डॉक्टर ते हंगामाआधीच सुरू करायला सांगतात.

जोर फार वाढला तरच स्टिरॉइडचे थेंब, तेही थोडे दिवस, हळूहळू कमी करत आणि डोळ्याचा दाब मोजत. वारंवार गरज पडली तर सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचे मलम देतात.

घोटाळा होतो तो इथेच. स्टिरॉइडने दोन दिवसांत आराम पडतो. मग बाप रिकामी बाटली मेडिकलवर दाखवतो आणि तीच परत आणतो. असे महिनोन्महिने चालले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. तो बहुधा दुखत नाही, म्हणून कळतही नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही. सतत चोळण्यानेही बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येऊ शकते.

शेतकरी बंधूंनो, फवारणीचे औषध आपण लेबल वाचून, मापाने घेतो. पोराच्या डोळ्याला तेवढी तरी काळजी हवी. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिले असेल तर ते स्टिरॉइड समजा. घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घाला, पोराला घेऊन सिव्हिल हॉस्पिटलच्या नेत्र विभागात जा आणि डोळ्याचा दाब तपासून घ्या.