बाबासाहेबांचा आवाज स्वच्छ ऐकू यावा म्हणून

१९५५ साली बीबीसीने बाबासाहेबांची मुलाखत घेतली. तिचे ध्वनिमुद्रण आजही ऐकता येते. घरच्या वडीलधाऱ्यांना ते मोठ्या स्पीकरवर ऐकवायचे, तर संगणक ॲम्प्लिफायरला नीट जोडला पाहिजे.

आवाजच येत नसेल, तर प्रथम संगणकाच्या साऊंड सेटिंगमध्ये योग्य आऊटपुट निवडले आहे का, ते पाहावे. मग ॲम्प्लिफायरचा आवाज कमी करून वायर तपासावी. हेडफोनच्या जागी लावलेल्या वायरची दुसरी टोके मागच्या बाजूस 'ऑक्स' लिहिलेल्या लाल-पांढऱ्या सॉकेटमध्ये हवीत. समोरचे बटणही 'ऑक्स'वरच हवे. 'फोनो' किंवा 'माईक'मध्ये लावल्यास आवाज फाटतो.

सतत घूं घूं येते? लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढा. घूं घूं थांबली, तर दोष बहुधा अर्थिंगच्या जोडणीत आहे. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावा. तरीही न थांबल्यास आवाजाच्या वायरीत ग्राऊंड लूप आयसोलेटर बसवावा.

काही जण प्लगची अर्थिंगची जाड पिनच तोडतात. बंधु-भगिनींनो, हे कदापि करू नका! यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली, तर हात लावणाऱ्याचा जीव जाईल.

ही माहिती मुलामुलींनाही द्या. जयंतीच्या दिवशी मेकॅनिकची वाट पाहावी लागणार नाही.

जय भीम!